चौथ्या कडव्यातला आंधळा

"मिस, झाडं शू करतात का?"

हा प्रश्न मी बायोलॉजीच्या तासाला, हात वर करून, अख्ख्या वर्गासमोर विचारला. अरोहा आणि तिच्या बाकावरच्या दोघींनी पैज लावली होती की मी विचारणार नाही. गेल्या वर्षीची मी असते तर खरंच विचारलं नसतं. तेव्हा हजेरीला 'येस मिस' म्हणतानासुद्धा माझा आवाज बसायचा. पण २००८च्या फेब्रुवारीतली मी म्हणजे काही विचारू नका. माईक दिला असता तर मी रग्बीच्या मॅचची कॉमेंट्रीसुद्धा मराठीत केली असती.

वर्ग हसला. मिसेस पराता हसल्या नाहीत. त्यांनी मार्करला टोपण लावलं आणि विचारलं की झाड कुठलं, वेळ कुठली, आणि झाडाखाली उभं असताना कानावर काय येत होतं.

कानावर? मी म्हटलं, सिकाडा. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात झाडाझाडांवर बसून दिवसभर करवत चालवल्यासारखे ओरडणारे, बोटाएवढे हिरवे किडे. दुसरं काय येणार?

त्यावर मिसेस परातांनी जे सांगितलं ते मी अकरा दिवस पोटात ठेवलं. ते अकरा दिवस कसे गेले हे सांगायचं तर आधी झाड सांगायला हवं.

हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुनात आम्ही राहतो. तिथे आमची मराठी ख्रिस्ती मंडळी आहे: नगर, जालना, कोल्हापूरकडची चौदा घरं, आणि त्यांतल्या निम्म्या घरांत माझ्या आईसारखी एक तरी नर्स. रविवारी दुपारी बारा ते दोन एक कम्युनिटी हॉल घेऊन आम्ही मराठीतून उपासना करतो. ढोलकी, खंजिरी, टाळ्या, मग जेवण. हॉलच्या मागे एक जुनं पुरीरीचं झाड आहे. दहा माणसं कवेत घेतील एवढं खोड, वर गर्द छत्री.

त्या उन्हाळ्यात आमच्या वायकाटो भागात दुष्काळ पडला होता. हिरवळी भाजलेल्या पापडासारख्या झाल्या होत्या, बागेला पाइपने पाणी घालायला बंदी होती. आणि त्या कोरड्या निळ्या आभाळाखाली, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, पुरीरीतून पाऊस पडला.

झालं असं, की भारतातून ब्रदर गुरुनाथ आले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे बूट. तेही अशा देशात जिथे आमच्या मंडळीचे खजिनदारसुद्धा जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून उपासनेला येतात. उकाडा फार म्हणून ते सगळ्यांना झाडाखाली घेऊन गेले. एक भजन झालं. मग म्हणाले, टाळ्या मोठ्या करा, लाजू नका, झाडालासुद्धा कळू दे आपण आलोय. हातातली काठी त्यांनी खोडावर तीनदा आपटली. आणि आमच्या कपाळांवर, हातांवर, मंडळीतल्या सुलेखामावशींच्या चष्म्यावर थेंब आले. बारीक, गार, स्वच्छ.

मग सुलेखामावशी रडायला लागल्या. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, हे मी लपवणार नाही.

ब्रदरांनी डोळे मिटले, मान वर केली आणि म्हणाले, "कवितेतलं झाड वठलेलं होतं, प्रियांनो. प्रभूने आपल्याला पानांसकट दिलंय. त्या संताला सात वर्षं थांबावं लागलं, तुम्हाला सात मिनिटं. विचार करा, कोणावर प्रेम जास्त?"

कवितेतलं झाड. ती कविता माझी होती.

शाळेच्या लायब्ररीत काढून टाकलेल्या पुस्तकांची एक ट्रॉली असते. तिथे मला एक मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक मिळालं: पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती कवींनी संतांवर लिहिलेली काव्यं, इंग्रजीत उतरवलेली. एका कवितेत वादळ संताच्या पायाशी कुत्र्यासारखं बसतं, दुसरीत बागेत चोर शिरतो आणि वेली त्याचे पाय धरून ठेवतात. तिसरीत सात वर्षांचा दुष्काळ, आणि संताने हात ठेवताच वठलेलं झाड रडतं. मी ते नानांना वाचून दाखवलं.

नाना म्हणजे माझ्या बाबांचे वडील. नानासाहेब म्हणून नगरकडच्या सगळ्या चर्चेसमध्ये त्यांच्या कीर्तनाचं नाव होतं. मागच्या हिवाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले. मी सहा वर्षांची असताना इथे आलेली, आई-बाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. नानांनी ते चालू दिलं नाही. त्यांना इंग्रजी येतं, पण मी इंग्रजीत बोलले की ते कानाला हात लावून 'काय म्हणालीस?' करायचे. सहा महिन्यांत त्यांनी मला बोलतं केलं, मग लिहितं केलं, मग ओवी शिकवली. तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. मांडीवर ताल धरून ते मोजायचे.

ती झाडाची कविता मी ओवीत आणली. शेवट असा होता:

तेव्हा वठले झाड रडले।
सारे गाव ओंजळीने धावले।
आंधळ्याचे डोळे उघडले।
थेंबभराने॥

जानेवारीत मी ती उपासनेत वाचली, नानांनी मागे खंजिरी धरली. वाचून झाल्यावर जी शांतता झाली ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला पळून जावंसं वाटत नव्हतं. ब्रदर आले तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात त्या कवितेची झेरॉक्स ठेवली. बाकीचं त्यांनी केलं.

तिसऱ्या रविवारपर्यंत हॉलच्या पार्किंगमध्ये जागा उरली नाही. ऑकलंडहून गाड्या आल्या. आमच्या गल्लीतले देशपांडे काका-काकू आले, आणि संत आपले नसले तरी पाणी सगळ्यांचंच म्हणून त्यांनी डबा भरून नेला. लोक झाडाखाली चादरी धरायचे, पिळायचे, बाटल्या भरायचे. ब्रदरांचं बोलणं दर रविवारी नवं. स्तुती जितकी मोठी तितका थेंब मोठा. शंका असेल तर थेंब चुकवून पडतो. एकदा ढगाळ गार दिवस होता, फार काही पडलं नाही, तर म्हणाले की आज कुणाच्या तरी मनात खोट आहे, मी नाव घेणार नाही. चौदा घरं एकमेकांकडे बघायला लागली. दर वेळी आधी माझं काव्यवाचन. नोटीस बोर्डावर माझं नाव छापलेलं असायचं.

आता डोळ्यांचं.

नानांना काचबिंदू आहे. डोळ्यांतलं प्रेशर वाढू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ औषधाचा एकेक थेंब घालायचा. त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते काम माझं. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी मी औषध घेऊन गेले तर त्यांनी उशीखालून एक छोटी बाटली काढली. झाडाचं पाणी. म्हणाले, हे घाल, ते झोंबतं. मी म्हटलं, आईला विचारू? तर हसले. म्हणाले, "कविता तू लिहिलीस आणि विश्वास मी ठेवायचा नाही, असं कसं चालेल?"

मी घातलं. मला अभिमान वाटला, हे खरं कारण आहे.

अडीच आठवडे औषधाची बाटली कपाटात तशीच भरलेली राहिली. आणि मग तो बुधवार, अरोहाची पैज, आणि मिसेस परातांचं उत्तर.

झाडं करत नाहीत, त्या म्हणाल्या. झाडावर बसलेले करतात. सिकाडा झाडाच्या आतला रस पितो. त्या रसात जवळजवळ सगळं पाणीच असतं, पोटाला लागेल असं फार थोडं. म्हणून दिवसभर प्यायचं आणि दिवसभर सोडायचं. ऊन तापलं की जास्त. आणि दचकला की उडताना एकदम सोडतो, पिचकारीसारखं. दुष्काळाशी त्याचा संबंध नाही, जुन्या झाडाची मुळं खोल असतात. "तुम्ही झाडाखाली काही आवाज करता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडा.

अरोहा हसून हसून बाकाखाली गेली. मला पैजेचं आइस्क्रीम मिळालं, ते मी खाल्लं.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते लिहिते. नानांच्या उशीखालची बाटली घेतली, सिंकमध्ये ओतली, खळखळून धुतली आणि किटलीतलं उकळून गार केलेलं पाणी भरून परत ठेवली. खरं औषध भरलं नाही, कारण ते झोंबतं आणि त्यांना लगेच कळलं असतं. कळलं असतं म्हणजे मला सांगावं लागलं असतं. डोळ्यांत किड्याची शू जात नाहीये एवढ्यावर मी माझी समजूत घातली. नाना म्हणाले, "आज जास्तच गार वाटतंय गं." मी म्हटलं, "हो ना?"

शनिवारी भर दुपारी मी सायकलवरून एकटीच झाडाखाली गेले. गप्प उभी राहिले तर अधूनमधून एखादा थेंब. मग टाळ्या वाजवल्या. वरून खसकन दहावीस सिकाडा उडाले आणि माझं तोंड भिजलं. ना भजन, ना काठी, ना ब्रदर. म्हणजे आता मला नुसतं सांगितलेलं नव्हतं, मी पाहिलेलं होतं. आणि रविवारी मी पुन्हा उभी राहिले आणि चारही कडवी वाचली. बाहेरगावची साठ माणसं आली होती. आवाज मस्त लागला होता.

गुरुवारी नानांची डोळ्यांची तपासणी होती. आईची ड्यूटी, म्हणून मी शाळा बुडवून बरोबर गेले. डॉक्टर नीलांबरी मूळच्या पुण्याच्या, नाना त्यांना 'लेकी' म्हणतात. त्यांनी एकदा प्रेशर मोजलं, परत मोजलं. पूर्वी सोळा होतं, आता चौतीस. मग नानांना यंत्रात डोकं ठेवून दिवे दिसले की बटण दाबायला सांगितलं. डाव्या बाजूला दिवे लागत राहिले आणि नानांचा अंगठा हलला नाही. मी बाजूच्या स्टुलावरून बघत होते. मला सगळे दिवे दिसत होते.

"थेंब रोज घालता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. माझी नात घालते," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, की औषध घेऊनही एवढं वाढत असेल तर ऑपरेशन करावं लागेल, लवकरची तारीख घेऊ. डाव्या डोळ्याच्या कडेची जी नजर गेली ती परत येत नाही, उरलेली वाचवायची. नाना शांतपणे 'बरं लेकी' म्हणाले. मी त्यांना बाहेर खुर्चीवर बसवलं, त्यांची टोपी राहिली असं खोटं सांगितलं आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की सव्वीस दिवस औषध गेलेलं नाही. झाडाचं पाणी गेलं तेही सांगितलं, किटलीतलं मात्र नाही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फाइलवरचं काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, "ऑपरेशन थांबवते. आज संध्याकाळपासून खरं औषध सुरू. आणि हे मी तुझ्या आईला सांगणार आहे."

आईने घरी आल्यावर बाटली जप्त केली. पण नाना हटेनात. म्हणाले, प्रेशर वाढलं ते माझा विश्वास कमी पडला म्हणून, आता झाडाचं मुळीच सोडणार नाही. डोळे घट्ट मिटून बसले. शुक्रवारी तसंच, शनिवारी तसंच. आई नर्स, रोज शंभर माणसांना औषध देते; सासऱ्यांच्या पापण्या उघडणार कशा?

म्हणून रविवारी, जिथे सुरू झालं होतं तिथेच, त्यांच्यासमोर मी सांगायचं ठरवलं.

काव्यवाचनासाठी माझं नाव पुकारलं. मी कविता वाचली नाही. मंडळींना विनंती केली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, भजन नको, प्रार्थनासुद्धा नको, नुसतं वर बघायचं. दोन मिनिटं सिकाडांची करवत चालू राहिली, दोनतीन थेंब पडले. मग सगळ्यांना पार्किंगच्या टोकाच्या दुसऱ्या झाडाखाली नेलं. त्या झाडाला कुणी कधी आशीर्वाद दिलेला नव्हता, त्याच्या खाली फक्त बाबांची टोयोटा उभी असते. तिथे म्हटलं, आता टाळ्या. बदाबदा थेंब आले. टोयोटाच्या काचेवरसुद्धा.

मग मी खोडावरचा एक सिकाडा चिमटीत धरला आणि ब्रदरांसमोर नेला. तो दचकला. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या जरा वर, एक ओला ठिपका उमटला.

कुणीतरी फिसकन हसलं. सुलेखामावशींनी बॅगेतली बाटली काढून झाकण उघडलं, वास घेतला आणि हळूच गवतावर ओतली.

ब्रदर सावरले. देव किड्याकडूनही काम करून घेतो, असं म्हणाले. मी म्हटलं, घेत असेल, पण मग ढगाळ दिवशी मनात खोट कुणाच्या होती, किड्याच्या की आमच्या? चमत्कार असेल तर तो गप्प बसल्यावरही होऊ दे, थंडीतही होऊ दे, दुसऱ्या झाडाखाली होऊ नये. तपासल्याने खरी गोष्ट पळून जात नाही. औषध तपासूनच बाटलीत भरतात, मग बाटली रिकामी करून दुसरं काही भरण्याआधी आपण एकदा तरी तपासायला नको का?

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वरून पुन्हा थेंब पडले, तेव्हा सगळेच हसले. बाबा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून कुणाकुणाला 'ही माझी मुलगी' म्हणून दाखवत होते. ब्रदर जायला निघाले तेव्हा माझ्याजवळून जाताना थांबले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"मागच्या रविवारी तुला माहीत होतं. चौथं कडवं तू माझ्याकडे न बघता वाचलंस. दर वेळी बघायचीस."

मी त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं.

"मी आठ वर्षांपूर्वी एका चिंचेखाली असेच किडे पाहिले होते," ते म्हणाले. "तू बरीच लवकर शिकलीस." आणि गेले.

संध्याकाळी नानांनी आपणहून मान मागे टाकली. मी खऱ्या औषधाचा थेंब घातला. झोंबलं, त्यांनी दात आवळले, पण डोळा उघडा ठेवला. मग पुसत म्हणाले, "किड्याचं पटलं हो मला. तू छान बोललीस. पण एक सांग. त्या कवितेतला आंधळा. त्याला कसं दिसलं?"

मी म्हटलं, नाना, जुनी गोष्ट आहे ती, जुन्या लोकांचं काय. उजवा डोळा राहिलाय, मान मागे करा.

त्या पुस्तकात आंधळा नाही. झाड रडतं, गाव पाणी पितं, कविता संपते. तीन चरण यमकाचे लागतात. 'रडले', 'धावले', आणि तिसरं सुचत नव्हतं. 'डोळे उघडले' बसलं. ताल जमला म्हणून मी नाचले होते. त्या जुन्या कवीने झाड रडवलं ते स्तुतीसाठी, कुणी बाटली घेऊन जाईल म्हणून नव्हे. मी तर स्तुतीसाठीसुद्धा नाही, टाळ्यांसाठी आंधळा आणला. आणि नाना दोन महिने त्या आंधळ्याच्या जागी स्वतःला बघत होते.

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती, बाबा फोन ठेवत होते. ब्रदर टौरंगाला गेले होते. तिथल्या मंडळीने त्यांना येत्या रविवारी बोलावलंय, किवीफळांच्या बागांमागे एक मोठं झाड आहे म्हणे. बाबांनी सिकाडाचं सांगितलं, तर समोरून उत्तर आलं की किडा असेल, पण कवितेत आंधळ्याचं लिहिलंय ते काय खोटं आहे? आमच्याकडे झेरॉक्स आली आहे. बाबा म्हणाले, जाऊ दे, त्यांचं ते बघतील, आपलं घर सुटलं. आई म्हणाली, माझ्या पोरीने सोडवलं, आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.

तो हात मी खाली काढला.

"आई, बाबा, बसा जरा. चौथ्या कडव्यातला आंधळा पुस्तकात नाही, तो मी यमकासाठी घातला. आणि किड्याचं मला अकरा दिवस आधी कळलं होतं. नानांच्या बाटलीत मी किटलीतलं पाणी भरत होते, आणि रविवारी परत कविता वाचली. आता मी आत जाऊन हे नानांना सांगणार आहे. आणि येत्या रविवारी मी टौरंगाला जाणार आहे. तिथे उभी राहून हेच सगळं सांगणार आहे, माझ्या नावासकट. तुम्ही नेलंत तर तुमच्याबरोबर, नाहीतर बसने."

बाबांच्या हातात फोन तसाच होता. आईने गॅस बंद केला.

मी नानांच्या खोलीकडे वळले.